जुन्या कादंबऱ्यांचे मोल

घरातील जुने सोने सोनाराकडे नेले असता तो कसोटीवर घासून त्याचा कस सांगतो, आणि तांब्यापितळेची भांडी बाजारात नेली असता वजनावर त्यांचा भाव ठरतो. परंतु घरातील जुन्या पुस्तकांचा कस पाहणारा जाणता मनुष्य आमच्या बीबीसारख्या गावी सहसा आढळत नाही. येथे पुस्तकास भाव देणारा गृहस्थ एकच, तो म्हणजे रद्दीवाला; आणि त्याच्या काट्यावर हरिभाऊ आपट्यांची कादंबरी व गेल्या महिन्याचे वर्तमानपत्र ही दोन्ही एकाच दराने तोलली जातात. पुण्याचा अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईस फाउंटनजवळ पदपथावर मांडलेली पुस्तके आम्हां वऱ्हाडकरांस दूरची. त्यामुळे जुना वाडा उतरविण्याची वेळ आली, अथवा भावाभावांत वाटणी निघाली, म्हणजे भिंतीतल्या फडताळातून निघालेल्या पुस्तकांचे करावे काय, हा प्रश्न उभा राहतो. आणि पुष्कळ घरी त्याचा निकाल एका दुपारीच लागून जातो.

या प्रश्नावर घरातच दोन पक्ष पडलेले आम्ही पाहतो. एक पक्ष म्हणतो, कागद पिवळा पडला, कणा सुटला, अक्षर बारीक. आता हे वाचणार कोण? दुसरा पक्ष बहुधा परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या तरुणांचा असतो. तो फोनमध्ये पाहून सांगतो, की अशाच एका जुन्या कादंबरीस कोणी कित्येक हजार रुपये मागत आहे. यास्तव एकही पुस्तक हलवू नका. हे दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध दिसले तरी दोघांची नजर एकाच गोष्टीवर असते, ती म्हणजे जुनेपणा. एकाच्या मते जुने म्हणून टाकाऊ. दुसऱ्याच्या मते जुने म्हणून मोलाचे. आमचे म्हणणे असे आहे, की नुसता जुनेपणा हे मोलाचे कारणच नव्हे. ही प्रत कोणत्या आवृत्तीची आहे, ती पूर्ण आहे किंवा नाही, तिची स्थिती कशी आहे, आणि तशी दुसरी प्रत अन्यत्र मिळते काय व तिला मागणारा कोणी आहे काय, हे चार प्रश्न खरे. त्यांची उत्तरे हाती आल्यावाचून पुस्तक विकू नये, वाटू नये, आणि दुरुस्तही करू नये.

प्रथम आवृत्तीचा प्रश्न घेऊ. मराठी कादंबरीचे वय फार नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले, हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली, आणि गुंजीकरांचा ‘मोचनगड’ १८७१ साली. इतक्या आरंभीची पुस्तके आमच्याकडील फडताळांत क्वचितच निघतात. जी निघतात ती बहुतेक १८९० नंतरची व १९६० पूर्वीची. म्हणजे हरिभाऊ, नाथमाधव, वामन मल्हार, फडके, खांडेकर यांच्या काळातली. आता यांतील नामवंतांच्या कादंबऱ्या पुनःपुन्हा छापल्या गेल्या. तेव्हा घरात हरिभाऊंचे पुस्तक आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ती कितवी आवृत्ती, हे पाहावे लागते.

पहिल्या आवृत्तीची एक खोड अशी, की ती आपण पहिली आहो असे नेहमी सांगत नाही. दुसरी व तिसरी आवृत्ती मात्र आपला अनुक्रम अभिमानाने छापते. त्यामुळे पुस्तकावर काहीच लिहिलेले नसले म्हणजे ते हलक्या हाताने बाजूस ठेवून आणखी खुणा शोधाव्या. मुखपृष्ठामागील पानावर शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. शके १८१५ म्हणजे १८९३ किंवा १८९४. सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टान्वये पुस्तक नोंदल्याचा व हक्क राखल्याचा मजकूर त्याच पानावर सापडतो. तो कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने गेला, परंतु त्याने पुस्तकांवर मुद्रक व मुद्रणस्थळ छापण्याची जी शिस्त लावली तिचा आम्हांस आजही उपयोग होतो. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ पूर्वीचे. कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी सुरू झाली. किमतीत ‘नवे पैसे’ हे शब्द असतील तर ते १९५७ ते १९६४ या सात वर्षांतले समजण्यास हरकत नाही. १९६४ च्या जूनपासून ‘नवे’ हा शब्द गेला व नुसते पैसे राहिले.

पत्ताही बोलका असतो. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा अंकी पिन क्रमांक दिसला, की प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, हे निश्चित. नागपूर, अमरावती किंवा अकोल्यास छापलेल्या पुस्तकावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे असेल तर ते १९५० पूर्वीचे, आणि ‘मध्यप्रदेश’ असे असेल तर १९५० ते १९५६ मधले. आपला बुलढाणा जिल्हा त्या सहा वर्षांत मध्यप्रदेशात होता व १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला, ही गोष्ट आजच्या मुलांस ठाऊक नसते. जुन्या पुस्तकाचे पान ती सहज शिकवून जाते.

शुद्धलेखनाची खूण तर खास मराठीचीच. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली मान्य झाले आणि व्युत्पत्तीच्या आधारावर दिले जाणारे पुष्कळ अनुस्वार गळाले. हरिभाऊंच्या प्रसिद्ध कादंबरीचे नावच पाहा. जुन्या प्रतीवर ‘पण लक्षांत कोण घेतो’ असा अनुस्वार आहे. पुढील काळच्या प्रतींवर ‘लक्षात’ असे साधे रूप आढळते. तेव्हा आतील मजकुरात ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कां’ ही रूपे नसून सर्वत्र अनुस्वाररहित लेखन असेल, तर प्रत बहुधा १९६२ नंतरची. मात्र हा न्याय उलट चालवू नये. कारण काही प्रकाशकांनी नंतरही जुन्या लेखनानेच पुस्तके छापली. ‘इ’च्या जागी ‘अि’ व ‘उ’च्या जागी ‘अु’ दिसल्यास ती सावरकरांनी पुरस्कारिलेल्या लिपिसुधारणेची छाया असून पुस्तक साधारण विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकातले असते. शेवटी जोडलेले शुद्धिपत्र पहिल्या आवृत्तीकडे बोट दाखविते, कारण पुढील आवृत्तीत त्या चुका दुरुस्त होऊन जातात. मागील पानांवरील इतर पुस्तकांच्या जाहिरातीही वाचाव्या. जाहिरातीतले पुस्तक १९३४ साली निघालेले असेल तर हाती असलेली प्रत १९३० ची असणे शक्य नाही.

दुसरा प्रश्न पूर्णतेचा. कादंबरी ही घरातील सर्वांनी वाचावयाची वस्तू. त्यातून एकत्र कुटुंबात तिला विसावा कसला? दुपारी माजघरात, रात्री ओसरीवर, मध्येच शेजारघरी, असा तिचा प्रवास होतो. या प्रवासात सर्वांत आधी पहिली व शेवटची पाने जातात. म्हणून पृष्ठक्रमांक आरंभापासून अखेरपर्यंत मोजून पाहावेत. पुस्तक आठ किंवा सोळा पृष्ठांच्या फर्म्यांनी बनते आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी पुष्कळदा बारीक अंक असतो. त्या अंकांची मालिका तुटली असेल तर अख्खा फर्मा गळाला असे समजावे. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, चित्रे, शुद्धिपत्र ही सारी पुस्तकाचीच अंगे होत. चार पाने गेलेली पहिली आवृत्ती ही पहिली आवृत्तीच. परंतु तिचे वर्णन करताना ‘अपूर्ण’ हा शब्द प्रथम लिहिला पाहिजे.

येथे बांधणीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. इंग्रजी कादंबरी प्रकाशकाकडूनच कापडी पुठ्ठ्यात बांधून येई. आपल्याकडे तसे नेहमीच नसे. साध्या कागदी वेष्टनात आलेले पुस्तक लोक गावच्या बांधणीवाल्याकडे देत, व तो कण्याला कापड, वर अबरी कागद आणि खळीत कसर लागू नये म्हणून थोडा मोरचूद घालून जाड पुठ्ठा चढवी. म्हणून पुठ्ठा घरगुती दिसतो एवढ्यावरून प्रत हलकी मानू नये. मात्र बांधताना मूळचे चित्रवेष्टन काढून टाकले गेले असल्यास ती उणीव खरी. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकारांनी काढलेल्या वेष्टनांस आता स्वतंत्र चाहते आहेत. पाश्चात्य बाजारात तर वेष्टनाचे माहात्म्य याहून मोठे. फिट्झेराल्ड याची ‘द ग्रेट गॅट्स्बी’ ही १९२५ सालची कादंबरी मूळ वेष्टनासह असली तर वेष्टनाविना असलेल्या प्रतीपेक्षा तिला अनेक पटींनी अधिक किंमत येते. आपल्याकडे इतके नसले तरी फाटके वेष्टन टाकून देऊ नये, ही शिकवण घ्यावी.

आणि ज्या बांधीव पुस्तकास मुखपृष्ठच नाही, तेही घाईने फेकू नये. ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’तून आला, ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी हरिभाऊंनी १८९० साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः निघाली व पुस्तकरूपाने नंतर अवतरली. म्हणजे अशा कादंबऱ्यांचे खरे प्रथम मुद्रण नियतकालिकाच्या अंकांत आहे. आपल्या पणजोबांनी ते अंक जमवून बांधून ठेवले असतील, तर त्या ओबडधोबड खंडाचे मोल शेजारच्या सुबक सोनेरी अक्षरांच्या पुस्तकाहून अधिक असू शकेल.

तिसरा प्रश्न स्थितीचा. येथे डोळ्यांपेक्षा बोटांनी व नाकाने अधिक पाहावे. कागदाच्या वयावरून त्याची प्रकृती ओळखता येत नाही. चिंध्यांपासून केलेला १८७० चा कागद आजही पांढरा व लवचिक असतो, आणि लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घालून केलेला १९४० च्या सुमाराचा कागद त्यातील आम्लामुळे तांबूस होऊन बोटाखाली तुटतो. त्यातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागद दुर्मिळ होऊन त्यावर नियंत्रण आले. त्या वर्षांतील पुस्तकांचा कागद पातळ व हलका असतो. असे पान दुमडून परीक्षा पाहू नये; परीक्षेतच ते तुटावयाचे. पुष्कळ पुस्तके दोऱ्याऐवजी लोखंडी तारेने टाचलेली असत. तार गंजली म्हणजे तिच्याभोवतीचा कागद जळल्यासारखा होतो व पाने आपोआप सुटतात. हा दोष बाहेरून दिसत नाही. मधले पान उघडून पाहावे.

कोकणातील प्रतींस ओल व बुरशी छळते. त्यांवर तांबूस ठिपके असतात व कुबट वास येतो. आमच्या भागातील रोग निराळे. येथील उन्हाळा कोरडा व कडक, त्यामुळे पुठ्ठे वाकतात व कण्यावरील खळ सुकून भुगा होते. मातीच्या भिंती व माळवदाचे छप्पर असलेल्या घरात फडताळ भिंतीस लागून असते. तेथे मागच्या बाजूने वाळवी शिरते, आणि पुढून सुबक दिसणारी रांग हाताशी घेताच पोकळ निघते. पानांतून आरपार गेलेली बारीक गोल भोके किड्यांची असतात. तो किडा अद्याप जिवंत आहे काय हे पाहण्यास पुस्तक काळ्या कागदावर आठ-दहा दिवस उभे ठेवावे; खाली ताजी पूड पडली तर आहे, नाही तर उपद्रव जुना आहे.

ही सारी पाहणी झाल्यावर स्थितीचे नाव ठरवावे. इंग्रजी व्यापाऱ्यांत यासाठी ठरीव शब्द आहेत आणि त्यांत गंमत अशी, की त्यांच्या भाषेत ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे, तर बरीच वापरलेली प्रत. आपण आपल्यापुरते पाच शब्द ठरवू: नव्यासारखी, उत्तम, म्हणजे वापरलेली पण निर्दोष, साधारण, म्हणजे पूर्ण पण झिजलेली, दुबळी, म्हणजे पूर्ण पण बांधणी सुटलेली अथवा कीड लागलेली, आणि अपूर्ण. शंका आल्यास खालचा शब्द लिहावा, वरचा लिहू नये. घेणारा दोष शोधून काढतोच; तो आपणच आधी सांगितला असेल तर आपल्या उरलेल्या शब्दांवर त्याचा विश्वास बसतो.

चौथा प्रश्न दुर्मिळतेचा, आणि येथेच सामान्य समजूत सर्वांत अधिक चुकते. नामवंताच्या कादंबरीची नववी-दहावी आवृत्ती ही फारशी दुर्मिळ नसते. हरिभाऊ १९१९ साली वारले. त्यांच्या लेखनावरील हक्क केव्हाच संपला असून कोणासही ते छापता येते. त्यांचा मजकूर बुडण्याची भीती नाही. उलट, जिची एकच आवृत्ती निघाली, जिच्या लेखिकेचे नाव आता कोणी घेत नाही, जी एखाद्या लहान गावच्या छापखान्यात थोड्या प्रतींत छापली गेली, ती कादंबरी कदाचित अन्य कोठेही उरलेली नसेल. काशीबाई कानिटकरांची ‘रंगराव’ १९०३ सालची. वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांची ‘निखळलेली हिरकणी’ १९३६ सालची. केतकरांची ‘गोंडवनातील प्रियंवदा’ १९२६ सालची. हे लेखक अभ्यासकांस परिचित तरी आहेत; परंतु त्याच काळात ज्यांनी एकच पुस्तक लिहून लेखणी खाली ठेवली अशा स्त्रीपुरुषांची पुस्तके केवळ घरोघरच्या फडताळांवर अवलंबून आहेत. अशा पुस्तकाची नोंद पाहण्यास शंकर गणेश दाते यांनी अपार श्रमांनी केलेली ‘मराठी ग्रंथसूची’ हे उत्तम साधन होय. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ व दुसरा १९३८ ते १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा आहे. आपले पुस्तक तीत आहे काय, कोणत्या सालाखाली आहे, हे मोठ्या ग्रंथालयात पाहून घ्यावे.

मात्र दुर्मिळ असूनही मागणारा नसेल तर बाजारात भाव येत नाही, हेही तितकेच खरे. फोनवर दिसणारी किंमत ही विक्रेत्याने मागितलेली असते. ती कोणी दिली, असा तिचा अर्थ नव्हे. वर्षभर तीच प्रत त्याच किमतीस पडून असली, तर ती किंमत खरी नाही एवढेच त्यावरून कळते.

हे सर्व प्रत्यक्षात कसे लागू पडते, याचे एक उदाहरण देतो. गेल्या फाल्गुनात येथील एका कुटुंबाचा जुना वाडा उतरविण्याचे ठरले. तीन भाऊ, वडील गावी शेती पाहतात, मधले नोकरीनिमित्त संभाजीनगरास, धाकटे पुण्यास. भांडी, दागिने व शेत यांची वाटणी सलोख्याने झाली. वाद उत्पन्न झाला तो पुस्तकांवरून. वडील बंधू वजनावर देण्यास निघाले होते. धाकट्यांच्या चिरंजीवांनी फोनमधील किमती दाखवून ते थांबविले. आणि दोघांत बोलणे बंद होण्याची वेळ आली. आम्हांस बोलावणे आले तेव्हा फडताळांतून अडुसष्ट कादंबऱ्या निघाल्या होत्या, आणि त्यांखेरीज ‘करमणुकी’चे चार बांधीव खंड.

दोन दुपारी बसून आम्ही यादी केली. अडुसष्टांपैकी एकोणचाळीस प्रती सहज मिळणाऱ्या पुनर्मुद्रणांच्या होत्या. चौदा अपूर्ण किंवा वाळवीने खाल्लेल्या. नऊ पहिल्या आवृत्त्या, त्यांतील दोन चित्रवेष्टनासह. आणि सहा पुस्तके अशी, की ज्यांच्या कर्त्यांची नावे आम्ही कधी ऐकली नव्हती. धाकट्यांच्या चिरंजीवांनी ज्या पुस्तकावर सर्वांत मोठी किंमत मनात धरली होती, ते एकोणचाळिसांत निघाले. आणि वडील बंधूंनी मुखपृष्ठ नाही म्हणून रद्दीच्या पोत्यात आधीच घातलेले होते ते ‘करमणुकी’चे खंड. त्या खंडांची वाटणी एकेक करून करावी, उरलेला चौथा आईकडे राहावा, अशी सूचना मधल्या भावांनी केली. ती न्यायाची दिसली तरी आम्ही निक्षून विरोध केला. चार पातेली चार घरी गेली तरी पातेलीच राहतात. परंतु एका संचाचे चार खंड चार ठिकाणी गेले म्हणजे चारही अपूर्ण होतात. अखेर तो संच एकाकडे, पहिल्या आवृत्त्या दुसऱ्याकडे आणि वेष्टनासह असलेली दोन पुस्तके व इतर काही तिसऱ्याकडे अशी वाटणी मान्य झाली. सहा अपरिचित पुस्तके कोणीही घेऊ नयेत, त्यांची यादी ग्रंथालयांकडे पाठवावी, असे ठरले.

अपूर्ण प्रतींच्या ढिगात ‘उषःकाला’ची एक प्रत होती. पुढील काळातील आवृत्ती, पुठ्ठा उखडलेला, शेवटची बारा पृष्ठे गेलेली. बाजाराच्या हिशेबाने या ढिगातही ती तळाशी. परंतु त्या बारा पृष्ठांच्या जागी कोणी दुसऱ्या प्रतीवरून नकलून घेतलेली, वळणदार बोरूच्या अक्षरांची पाने शिवली होती. आम्ही ती पाहत असता या भावांच्या मातोश्री, वय वर्षे पंच्याऐंशी, जवळ येऊन बसल्या व म्हणाल्या, “गुरुजी, या पुस्तकाला भाव किती ते मला सांगू नका. शेवटची पाने आमच्या सासूबाईंनी लिहिलेली आहेत. त्यांचे दुसरे अक्षर घरात उरलेले नाही.” तिन्ही भावांस ही गोष्ट ठाऊक नव्हती. आम्ही यादीत त्या प्रतीपुढे लिहिले: अपूर्ण, शेवटची बारा पृष्ठे हस्तलिखित, विक्रीस नाही.

या उदाहरणावरून ध्यानी येईल, की एका पुस्तकास तीन मोले असतात: बाजाराचे, अभ्यासाचे आणि घराचे. पुनर्मुद्रणास बाजारात मोल थोडे, परंतु ते वाचावयास उत्तम. एकोणचाळीस प्रती नात्यांतील मुलींनी व गावच्या शाळेने आनंदाने नेल्या. अपरिचित पुस्तकांस बाजारात मोल नाही, परंतु अभ्यासकास ती अमोल ठरू शकतील. आणि ‘उषःकाला’च्या त्या प्रतीस केवळ घरचेच मोल आहे. ही तीन मोले एकमेकांत मिसळली, की भांडण होते. वेगळी मांडली, की पुष्कळ वेळा ते मिटते.

आणखी एक नाजूक गोष्ट. जुन्या पुस्तकावर मालकाची सही, हळदीकुंकवात दिल्याचा शेरा, अथवा लेखकाने स्वहस्ते लिहिलेली भेट असते. लेखकाच्या सहीने मोल वाढते, इतर नावांनी फारसे बिघडत नाही. परंतु एखाद्या वाचनालयाचा शिक्का असून तो रद्द केल्याची खूण नसेल, तर ते पुस्तक आपले नव्हे. आजोबांनी वाचावयास आणले व परत करणे राहून गेले, असे पुष्कळ घरी झालेले आहे. ते वाचनालय चालू असल्यास पुस्तक निमूटपणे परत द्यावे. विकून येणाऱ्या चार पैशांपेक्षा त्या परतफेडीने आजोबांचे नाव अधिक उजळ राहील.

जतनाविषयी थोडे सांगून लेखणी आवरतो. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक पुस्तकाच्याच तोंडी अशी विनवणी घालीत, की मला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. आजच्या काळात या यादीत चिकटपट्टीची भर घातली पाहिजे. फाटलेल्या पानावर लावलेली ती पट्टी काही वर्षांनी स्वतः गळून पडते, पण तिचा पिवळा चिकट डाग कायम राहतो. नवा चकचकीत पुठ्ठा घालण्याच्या उत्साहात कडा कापू देऊ नयेत. किडलेले पुस्तक प्रखर उन्हात टाकू नये. सावलीत वारा द्यावा, मऊ कुंच्याने धूळ काढावी, सुटी पाने साध्या कागदात गुंडाळून सुती फितीने बांधावी. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे व जमिनीपासून वर असावे. वेखंड व कडुनिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत चांगलीच आहे, पण ओला पाला ठेवू नये, आणि पुस्तके दर वर्षी काढून पाहण्याचा कंटाळा त्यामुळे क्षम्य ठरत नाही.

ज्या घरी असे फडताळ आहे त्यांनी प्रथम एक वही घ्यावी. प्रत्येक पुस्तकाचे नाव, कर्ता, आवृत्ती, साल, छापखाना, पृष्ठे, स्थिती व शिक्के-सह्या इतके लिहावे; मुखपृष्ठाची व त्यामागील पानाची छायाचित्रे फोनवर काढावी. एकच आवृत्ती निघालेली पुस्तके वाटली, तर ती यादी १८९३ सालच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयास, १८९८ सालच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयास किंवा विदर्भ साहित्य संघास पाठवावी. प्रथम यादी, नंतर पुस्तक, हा क्रम सोडू नये. घरातील वृद्ध स्त्रियांस जवळ बसवून एकेक पुस्तक दाखवावे व त्या जे सांगतील तेही त्याच वहीत उतरावे. हे काम पावसाळ्यापूर्वी दोन-तीन दुपारींत होण्यासारखे आहे. रद्दीवाला त्यानंतरही येईलच. त्याच्या पोत्यात काय जावयाचे ते मात्र तोवर आपणांस ठाऊक झालेले असेल.